आरएक्स १०० घ्यायचाय? मालकांची मतं वाचायची कशी, दुकानात तपासायचं काय

फोनपेक्षा बरा कॅमेरा हवा, पण गळ्यात धोंडा नको, अशी मागणी असली की फिरून फिरून एकच नाव पुढे येतं, सोनीचा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा आरएक्स १००. मग माणूस मतं वाचायला बसतो आणि तासाभरात डोकं धरतो, कारण एक म्हणतो बॅटरी दिवसभर पुरते, दुसरा म्हणतो दुपारीच मान टाकते, एक म्हणतो झूम भरपूर, दुसरा म्हणतो झूम आहे कुठे, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. ही मतं कशी चाळायची, त्यातलं आपल्या कामाचं काय आणि मग सेकंडहँड घेताना हातात घेऊन बघायचं काय, ते सगळं एकदाच लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरं.

पहिलं काम म्हणजे मत कुठल्या मॉडेलबद्दल आहे ते शोधा. आरएक्स १०० हा एक कॅमेरा नाहीच, ते अख्खं कुटुंब आहे, २०१२ ला पहिला आला आणि २०१९ ला मार्क ७ (मार्क म्हणजे आवृत्ती), आणि बाहेरून सगळे इतके सारखे दिसतात की मालक लोक सरळ 'माझा आरएक्स १००' लिहून मोकळे होतात. पहिल्यात आणि २०१३ च्या मार्क २ मध्ये लेन्स २८ ते १०० मिलिमीटरची, एफ १.८ पासून ४.९ पर्यंत (मिलिमीटर जितके जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं, आणि एफ म्हणजे लेन्सचं तोंड, अ‍ॅपर्चर, किती उघडतं, आकडा लहान तितका उजेड जास्त). २०१४ च्या मार्क ३ ला लेन्सच बदलली, २४ ते ७०, एफ १.८ ते २.८, म्हणजे झूम कमी झाला पण उजेड जास्त आला, वर पॉप-अप व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आणि आत एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच. मार्क ४ ला फोर के व्हिडिओ, २०१६ च्या मार्क ५ ला फेज डिटेक्ट फोकस, म्हणजे झटकन लागणारा फोकस. २०१८ च्या मार्क ६ मध्ये परत लेन्स बदलली, २४ ते २००, टचस्क्रीन आली पण एनडी फिल्टर गेला आणि उजेडही घटला, एफ २.८ ते ४.५. मार्क ७ मध्ये तीच लेन्स आणि शेवटी एकदाचं माइकचं भोक. आता सांगा, 'झूम कमी पडतो' हे मार्क ३ वाल्याने लिहिलंय का मार्क ७ वाल्याने, हे न बघता तुम्ही ठरवणार कसं? मार्क लिहिलेला नसेल तर ते मत सोडून द्या, अंदाज बांधत बसू नका. एक खूण मात्र उपयोगी आहे, कोणी टचस्क्रीनबद्दल बोलत असेल तर तो ६ किंवा ७ वाला, त्याच्या आधीच्या कशातच टच नाही.

दुसरं, मत कधी लिहिलंय ते बघा, म्हणजे तारीख नाही, घेतल्यावर किती दिवसांनी. पहिल्या आठवड्यातल्या मतात बॉक्स, वजन आणि 'एवढासा पण भारी' एवढंच असतं, आणि ते खोटं नसतं, २४० ग्रॅमच्या पहिल्या मॉडेलमधून २० मेगापिक्सेलचा रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) बघितल्यावर कोणीही खूश होईल. महिना दोन महिन्यांनी लिहिणारा मेन्यूला शिव्या घालतो, ग्रिप नाही म्हणतो. आणि दोन पावसाळे काढलेला माणूस लिहितो ते सगळ्यात कामाचं, त्यात लेन्समधली धूळ येते, चार्जिंगचं सैल झालेलं भोक येतं, झूम करताना येणारा कर्रकर्र आवाज येतो. त्याहून भारी मत म्हणजे ज्याने कॅमेरा विकला त्याचं. का विकला हे तो मनापासून सांगतो, त्याला आता कोणाला काही सिद्ध करायचं नसतं. तारे वगैरे बघू नका, एक तारा बऱ्याचदा कुरियरवाल्याला दिलेला असतो.

तिसरं, तो मालक फोटो कसले काढतो. इथे स्वतःचा अभ्यास आधी करावा लागतो आणि तो कोणी करत नाही. फोनमधले किंवा जुन्या कॅमेऱ्यातले वर्षभराचे फोटो उघडा, प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ, म्हणजे तो मिलिमीटरचा आकडा, असते, बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असतो, तर त्यात किती फोटो तुम्ही चिमटीने झूम करून काढलेत ते बघा. लग्नात हॉलच्या मागून, शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवरचे, देवळाच्या शिखरावरचे असे फोटो जास्त असतील तर २४ ते ७० वाल्यांच्या कौतुकाला भुलू नका, तुमचं काम मार्क ६ किंवा ७ चं आहे. आणि जेवणाची ताटं, संध्याकाळचं घर, मांडीवरचं बाळ असं असेल तर २०० मिलिमीटरचं करणार काय, तिथे एफ १.८ कामाला येतो आणि मार्क ३, ४, ५ मधला कुठलाही चालेल. पळणारी पोरं असली तर मात्र मार्क ५ किंवा पुढचा, त्याच्या आधीचे कॅमेरे फोकस पुढेमागे करून शोधतात आणि तोवर पोरगं फ्रेमच्या बाहेर.

एफ १.८ वरून एक गैरसमज सगळीकडे दिसतो. पहिल्या मॉडेलच्या खोक्यावर १.८ लिहिलंय म्हणून लोक समजतात की मागचं सगळं धूसर होऊन चेहरा छान उठून येणार, आणि मग 'बोके येत नाही, फसवणूक' असं लिहितात. फसवणूक नाहीये हो. १.८ फक्त सगळ्यात रुंद बाजूला, २८ ला, झूम करत १०० ला गेलात की ४.९ होतो. वरून सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, ज्याला एक इंची म्हणतात पण कुठूनही मोजा, एक इंच भरत नाही, फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यातल्या जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या, मानाने २.७ पट लहान, म्हणजे मागचं धूसर होण्याच्या हिशोबाने हा १.८ फुल फ्रेमवरच्या ४.९ च्या आसपास जातो. उजेडासाठी तो १.८ च आहे, शटर स्पीड तेवढाच मिळतो, पण धूसरपणाची अपेक्षा धरू नका. ज्याला लग्नाच्या अल्बमसारखे पोर्ट्रेट हवेत त्याने कॉम्पॅक्टच्या वाटेला न जाता लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेऊन त्यावर एखादी ५० मिलिमीटर लेन्स लावावी, ती स्वस्तात पडते.

आता ज्या तक्रारी खऱ्या आहेत त्या. एक नंबर ग्रिप. पुढून गुळगुळीत धातू, ओल्या साबणाच्या वडीसारखा हातातून सटकतो, आणि हे सातही मार्कांचे मालक सांगतात म्हणजे खरंच आहे. उपाय सोपा, सोनीची चिकटवायची छोटी ग्रिप मिळते, ती किंवा दुसरी कुठलीही लावा, आणि मनगटाचा पट्टा पहिल्या दिवसापासून. ज्यांचा पडला त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनगटावर पट्टा नव्हता एवढं तुम्हाला त्यांच्याच लिहिण्यातून कळेल. खिशात मावतो का, यावर पुरुष मंडळी छातीठोक हो म्हणतात, पण बायकांच्या जीन्सचे खिसे ज्याने शिवले त्याला विचारा. पहिला मॉडेल साधारण ३६ मिलिमीटर जाड आहे, मार्क ३ चाच ४१ होतो आणि मार्क ७ ४३ मिलिमीटर, वजन ३०० च्या वर. पर्समध्ये एक मऊ पाऊच, एवढंच उत्तर.

दोन नंबर बॅटरी. एनपी-बीएक्स१, १२४० एमएएच, सगळ्या मार्कांना तीच चालते ही चांगली गोष्ट, पण कॅमेरा ताकदवान होत गेला आणि बॅटरी तेवढीच राहिली, म्हणून कंपनीच्याच आकड्यात पहिल्याला ३३० फोटो, मार्क ३ ला ३२०, मार्क ५ ला जेमतेम २२०, मार्क ७ ला २६०. हे आकडे ठरलेल्या चाचणीचे, त्यात दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश उडवतात, त्यामुळे फ्लॅश न वापरणाऱ्याला जास्त मिळतात आणि व्हिडिओ काढणाऱ्याला बरेच कमी, म्हणूनच ती दोन उलटी मतं. दोन बॅटऱ्या धरूनच बजेट करा. वायफाय असलेल्या मॉडेलमध्ये एअरप्लेन मोड चालू ठेवला की चार्ज टिकतो. चार्जिंग कॅमेऱ्यातच मायक्रो यूएसबीने होतं, पॉवर बँकेवरही, हे प्रवासात फार बरं पडतं पण त्या भोकावर ताण येतो, वेगळा चार्जर घेतलेला बरा.

मेन्यूची तक्रार खरी आहे पण एकदाच भोगायची असते, त्याचं खाली सांगते. आणि 'फोर के मध्ये गरम होतो' हेही खरं, इवल्याशा डबीत उष्णता जाणार कुठे, मार्क ४ आणि ५ मध्ये फोर के एका वेळी पाच मिनिटंच घेता येतं, तेव्हा भाषण किंवा अख्खं गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर हा कॅमेराच नको.

'त्यापेक्षा फोनच बरा' म्हणणाऱ्यांशी भांडू नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे. उन्हातलं दृश्य, ढग आणि सावल्या दोन्ही सांभाळणं यात फोन चार-पाच फोटो एकत्र करून देतो आणि बघताक्षणी फोनचा फोटो जास्त चांगला दिसतो. कॉम्पॅक्टचा जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो, त्याच्यापुढे फिका वाटतो, म्हणून नवीन मालक पहिल्या आठवड्यात निराश होतात. फरक कळतो तो खरा झूम वापरल्यावर, खरा फ्लॅश उडवल्यावर, आणि रॉ फाइल उघडून सावल्या वर ओढल्यावर. ज्याला संपादन अजिबात करायचं नाही, सरळ ग्रुपवर टाकायचेत, त्याने पैसे वाचवावेत, मी स्पष्ट सांगते.

शेजारपाजारचे थोडक्यात. कॅननचे जी७ एक्स, विशेषतः २०१९ चा मार्क ३, व्लॉग करणाऱ्यांचे लाडके, टच आहे, माइक आहे, व्ह्यूफाइंडर नाही. पॅनासॉनिकचा एलएक्स१०० ज्यांना शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने फिरवायला आवडतं त्यांचा, सेन्सर मोठा पण अंगानेही मोठा, खिशाचं विसरा. रिको जीआर ३ ला झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फक्त २८ मिलिमीटर एफ २.८, आणि तरीही त्याचे मालक त्याच्याबद्दल भक्तासारखे बोलतात, कारण सेन्सर एक इंचीच्या साधारण तिप्पट क्षेत्रफळाचा आणि रस्त्यावर एका हाताने चालतो. तिथे मात्र सेन्सरवर धूळ बसण्याची तक्रार इतक्या वेळा वाचायला मिळते की ती गंभीरपणे घ्या. फुजीचा एक्स१०० व्हीआय २०२४ ला आला, सुंदर आहे, महाग आहे, आणि त्याच्यावरची निम्मी मतं तो मिळत नाही याबद्दलच आहेत.

आता दुकान. मुंबईत फोर्टात बोरा बाजार, बाकी शहरांत ओळखीचा सेकंडहँडवाला, किंवा ऑनलाइन ओळख झालेला मालक, कोणीही असो, दिवसाउजेडी भेटा आणि स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. पेटीवरचा, बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर जुळतो का बघा. मग चालू-बंद, चालू-बंद आठ-दहा वेळा करा, घाई करू नका, विकणारा वैतागला तर वैतागू दे. लेन्स बाहेर येताना आवाज एकसारखा हवा, अडखळ नको, आणि लेन्सवरच्या पातळ पापण्या पूर्ण उघडल्या आणि पूर्ण मिटल्या पाहिजेत, एखादी अर्धवट राहत असेल तर आत कचरा किंवा धक्का. पूर्ण झूम करून परत या, दोनदा.

धूळ बघायची पद्धत अशी, अ‍ॅपर्चर मोडवर जाऊन एफ ११ करा, पूर्ण झूम करा, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारी बाजूंनी फिरा. राखाडी गोल डाग दिसले तर आत धूळ आहे, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, म्हणजे साफ करायला पूर्ण उघडावा लागतो. एखादा अंधुक डाग एफ ११ लाच दिसत असेल तर किंमत पाडून घ्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडल्यावर पण दिसत असेल तर नमस्कार करून निघा. लेन्स आतबाहेर होते तेव्हा हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर धूळ, त्यामुळे हा दोष या जातीच्या सगळ्यांनाच लागतो, कंपनी कुठलीही असो.

मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून, कॅमेरा बरोबर समोर धरून, सगळ्यात रुंद आणि एफ १.८ वर (मार्क ६, ७ ला २.८ वर) फोटो. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणारच, पण चारही सारखे मऊ हवेत. एकच कोपरा वाहून गेलेला असेल तर कॅमेरा कधीतरी पडलाय, मालक काहीही सांगो. हाताने लेन्स झाकून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर एक सेकंदाचा फोटो काढा, काळ्यात लाल-निळे टिपके चमकतात का बघा. फ्लॅश उचलला जातो का, मार्क ३ पासून व्ह्यूफाइंडर वर येतो का (३ ते ५ मध्ये वर आल्यावर मागचा भाग हाताने ओढावा लागतो, तो बिघाड नाही), स्क्रीन दुमडताना चित्र थरथरतं का, चार्जिंगची केबल लावून हलवली तर दिवा विझतो का. बॅटरी काढून टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा, गरगर फिरली तर पोट फुगलंय.

आणि बुरशी, आपल्याकडे ही बघितल्याशिवाय घ्यायचंच नाही, त्यातून कॅमेरा मुंबईचा, कोकणातला किंवा गोव्याचा असेल तर दोनदा बघा. फोनचा टॉर्च तिरका मारून लेन्समध्ये बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, वाटाघाटीला बसू नका.

घरी आणल्यावर तासभर मेन्यूला द्या आणि मग त्याचं तोंड बघू नका. तारीख-वेळ नीट लावा, बीप बंद, लाल फोकस दिवा बंद, डिजिटल झूम बंद. फाइल रॉ आणि जेपेग दोन्ही, जागा नसेल तर नंतर जेपेग बंद करा, रॉ बंद करू नका. मोड अ‍ॅपर्चरवर ठेवा, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० करा, पहिल्या दोन मार्कांत मी १६०० च ठेवीन. पहिल्या मॉडेलच्या मालकांची जुनी तक्रार आहे की कमी उजेडात तो शटर फार हळू घेतो आणि माणसं हलून जातात, तिथे शटर मोडवर जाऊन १/१२५ सेकंद लावा. एफएन बटणाखाली तुम्हाला लागणाऱ्या चार-पाचच गोष्टी ठेवा, आयएसओ, फोकसची जागा, एक्सपोजर (फोटो किती उजळ), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), ड्राइव्ह (एकेक की सलग फोटो), बास. पुढची रिंग फिरताना टिकटिक लागत नाही म्हणून कोणी तिला नावं ठेवतं, तिला एक्सपोजर कमी-जास्त करायला द्या, सवय होते.

गणपतीच्या मांडवात फोटोवर आडवे पट्टे येतात म्हणून कॅमेऱ्याला दोष देणारे खूप. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात, आणि मार्क ४ पासून पुढे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल ठेवायचं. काही एलईडी भिंतींपुढे मात्र काहीच चालत नाही.

एक युक्ती तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतून कोणाला कळत नाही, जुन्या मालकांकडूनच कळते. पॉप-अप फ्लॅश बोटाने हलकेच मागे ओढून धरता येतो, म्हणजे त्याचं तोंड छताकडे होतं, आणि पांढऱ्या छताच्या खोलीत तोच कर्कश फ्लॅश इतका मऊ पडतो की चेहऱ्यांवरची चमक जाते. जोर लावू नका, स्प्रिंग नाजूक आहे. दुपारच्या कडक उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात तेव्हाही फ्लॅश वापरा, लेन्समधलं शटर असल्यामुळे हा १/२००० पर्यंत फ्लॅश जुळवून घेतो, मोठे कॅमेरे साधारण १/२०० च्या आसपास थांबतात.

पदार्थांचे किंवा दागिन्यांचे जवळून फोटो काढायचे असतील तर पहिल्या मॉडेलला रुंद बाजूला ५ सेंटिमीटरपर्यंत जाता येतं पण झूम केल्यावर ५५ सेंटिमीटर लांब राहावं लागतं, मार्क ३ ला झूमवर ३० चालतं, आणि मार्क ६, ७ ला २०० वर थेट एक मीटर. 'फोकसच होत नाही' अशी निम्मी रड याचीच असते.

पावसाळ्यात कॅमेरा त्याच्या चामडी कव्हरात घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशीला घर मिळतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, शक्य असेल तर साधा आर्द्रता मोजणारा काटा, ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरे, फार कोरडंही करायचं नाही. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतं. बॅटरी काढून अर्धी चार्ज करून वेगळी ठेवा, आणि मधूनमधून एखाद्या उघाडीच्या दिवशी कॅमेरा बाहेर काढून झूम आतबाहेर करा, दोन-चार फोटो काढा, अगदी बाल्कनीतल्या कुंडीचे का असेनात.